‘पूर्वपदावर’ म्हणजे कुठे?
हिमालयातील आपत्ती, पर्यटनाची आकडेवारी आणि आपले प्रवासलेखन

डोंगरात दरड कोसळली, पूर आला, भूकंप झाला की पहिले दोन-तीन दिवस मृतांचे आकडे छापून येतात. पुढचा आठवडा अडकलेल्या पर्यटकांचा असतो. त्यानंतर काही महिने शांतता, आणि मग एक दिवस बातमी येते की अमुक ठिकाणचे पर्यटन ‘पूर्वपदावर’ आले. मराठी वृत्तपत्रांनी आणि त्यांच्या पर्यटन-पुरवण्यांनी हा शब्द इतका वापरला आहे की त्यातले ‘पूर्वपद’ नेमके कोणते, हे कुणी विचारत नाही. प्रवासवर्णने आणि यात्रावर्णने नेमाने वाचणारा वाचक म्हणून मला हा प्रश्न काही वर्षे छळतो आहे. केदारनाथच्या निमित्ताने तो इथे तपासून पाहायचा आहे. केदारनाथ निवडण्याचे कारण असे की हिमालयातल्या दुसऱ्या कुठल्याही आपत्तीपेक्षा ही आपत्ती मराठी घरांत अधिक खोल शिरली, आणि तिच्याविषयी आपण अधिक लिहिले. जे लिहिले त्यात काय आले आणि काय गळले, हे पाहणे म्हणूनच शक्य आहे.

आधी आकडे, कारण ‘पूर्वपदावर’ हा शब्द आकड्यांच्या आधारानेच उभा राहतो. 2012 साली केदारनाथला साधारण पावणेसहा लाख यात्रेकरू गेले. 2013च्या जूनमध्ये यात्रा मोडली. 2014च्या पूर्ण हंगामात जेमतेम 40 हजार लोक वर पोहोचले. 2015ला दीड लाख, 2016ला तीन लाखांच्या घरात, 2018ला सात लाखांवर, आणि 2019ला दहा लाख. करोनाची दोन वर्षे वगळली, तर 2022मध्ये पंधरा लाखांहून अधिक आणि 2023मध्ये साडेएकोणीस लाखांच्या आसपास. हा आलेख कुठल्याही पर्यटन खात्याला भिंतीवर लावावासा वाटेल. खड्डा पडला, भरला, आणि त्यावर पूर्वीपेक्षा तिप्पट उंचीचा ढीग उभा राहिला. आपत्तीमुळे पर्वतीय पर्यटन खचते असे आपण सहज म्हणतो. पण केदारनाथचे आकडे सांगतात की ते पाच वर्षेही खचलेले राहिले नाही. प्रश्न आहे तो या आलेखात काय मोजले आहे याचा. त्यात मोजली आहेत दारातून आत गेलेली माणसे. दाराबाहेर कोण उभे होते, ते मोजलेले नाही.

16 आणि 17 जून 2013 या दोन दिवसांचे आकडेही असेच वाचावे लागतात. महिन्याभराने उत्तराखंड सरकारने 5,748 बेपत्ता माणसे मृत धरल्याचे जाहीर केले. त्यातले स्थानिक 934. म्हणजे मेलेल्यांत पाचात चारहून अधिक बाहेरचे. या प्रमाणामुळे ती ‘यात्रेकरूंची आपत्ती’ ठरली आणि देशभर, महाराष्ट्रातही, तशीच ती लक्षात राहिली. 934 हा आकडा त्या सावलीत लहान दिसतो. पण मंदाकिनीच्या खोऱ्यातली गावे पाहिली की तो लहान राहत नाही. गुप्तकाशीजवळच्या देवली-भणिग्राम या पुरोहितांच्या गावातले पन्नासहून अधिक पुरुष त्या दोन दिवसांत गेले. हंगाम असल्याने कमावते सगळे वर होते. वृत्तपत्रांनी त्याला ‘विधवांचे गाव’ म्हटले आणि महिन्या-दोन महिन्यांत विसरून गेले. या घरांसाठी 2014 सालचे ते 40 हजार यात्रेकरू म्हणजे काय होते? केदार खोऱ्यातला माणूस सहा महिने कमावतो आणि बारा महिने खातो. पूजा सांगणारा, खेचर हाकणारा, पिठ्ठू, दांडी उचलणारा, चहाची टपरी टाकणारा, हे सगळे याच सहा महिन्यांवर जगतात. ज्यांचे माणूस गेले त्यांचीच पुढच्या वर्षाची कमाईही गेली. म्हणून ‘आता तरी हे पर्यटन बंद करा’ असे पुण्या-मुंबईत बसून लिहिणाऱ्यांशी माझे जमत नाही. त्यांच्या लेखांत डोंगर असतो, पण त्या डोंगरावर चूल पेटवणारे कुणी नसते. आणि ‘पर्यटन पूर्वपदावर’ म्हणणाऱ्यांच्या बातमीतही ते नसते. दोन्ही बाजूंनी गाळलेली माणसे तीच आहेत.

आपल्या प्रवासलेखनात असे नेहमीच होते का? मला तसे वाटत नाही. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या प्रवासवर्णनांत गणला जाणारा विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा मुळात संकटातून परत आलेल्या माणसाचा ग्रंथ आहे. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि 1857च्या धामधुमीत सापडला. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याने ते लिहून काढले आणि चिंतामणराव वैद्यांमुळे 1907 साली ते छापले गेले. त्या पुस्तकाचा विषय तीर्थ नव्हे. वाटेत काय झाले, कोण मेले, कुणी जेवू घातले, कुणी लुटले, हा आहे. त्या काळच्या यात्रेत धोका हा वगळण्याचा मजकूर नव्हताच. काशीला निघालेला माणूस देणीघेणी मिटवून, निरोप घेऊन निघत असे आणि सुखरूप परतला तर घरी ‘मावंदे’ घालीत असे. मावंदे या एका शब्दात तो सगळा करार आहे: परत येणे गृहीत नाही, आलो तर दहा माणसांना जेवू घालीन. आज केदारनाथहून परतल्यावर कुणी मावंदे घालत नाही, कारण परत येणे तिकिटाच्या किमतीत धरलेले असते.

काकासाहेब कालेलकरांनी 1912च्या सुमारास स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर यांच्यासोबत हिमालय पायी पाहिला आणि नंतर साबरमतीत राहून ते गुजरातीत लिहिले. साताऱ्यात जन्मलेल्या मराठी माणसाचे हे पुस्तक आपल्याकडे पुढे मराठीतून आले, ही एक गंमतच. त्या काळच्या यात्रेचा कणा होता चट्टी. दर काही मैलांवर एक चट्टी, म्हणजे दोन-चार छपरांचा मुक्काम. दुकानदाराकडून पीठ, डाळ, तूप घ्यायचे. भांडी आणि रात्रीचा निवारा त्याच्याकडून फुकट. यात्रेकरू त्याच्या छपराखाली स्वतःच्या हाताने रांधत असे. या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य आपत्तीच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. माणसे संपूर्ण वाटेवर विखुरलेली असत. एका रात्री एका ठिकाणी दहा हजार माणसे मुक्कामाला नसत, कारण त्यांना ठेवायला जागाच नव्हती. दुसरे असे की यात्रेकरूला रोज एका स्थानिक माणसाच्या दाराशी जावे लागे. त्यामुळे तो लिहायला बसला की त्या माणसाचे नाव, त्याचे पीठ, त्याची तक्रार आपोआप पानावर येई.

1962च्या युद्धानंतर सीमेकडे मोटाररस्ते गेले आणि चट्ट्या ओस पडल्या. रस्ता जिथे संपतो तिथे गर्दी साचू लागली. केदारच्या वाटेवर ती जागा गौरीकुंड, आणि पायवाटेच्या मध्यावर रामबाडा. गौरीकुंडापासून साधारण सात किलोमीटरवरचा हा थांबा जुन्या चट्टीचाच वाढलेला अवतार होता. चहा, पराठे, भाड्याची खोली, खेचरांना चारा. 2013च्या पुराने रामबाडा नकाशावरून पुसला. आज पायवाट त्या जागी नदी ओलांडून समोरच्या तीरावर जाते, लिंचोलीवरून चढते, आणि पूर्वीचे 14 किलोमीटर आता 16च्या पुढे गेले आहेत.

आणि इथे मी मुख्य मुद्द्यावर येतो. 2013 नंतरची जी मराठी यात्रावर्णने माझ्या वाचनात आली, पुस्तकरूपातली, पुरवण्यांतली, सहल संस्थांच्या स्मरणिकांतली, त्यांत त्या आपत्तीचा उल्लेख जवळजवळ नेहमी असतो. पण तो एका दगडापुरता. मंदिरामागे येऊन अडकलेली ती प्रचंड शिळा, जिला आता ‘भीमशिला’ म्हणतात. तिने प्रवाह दुभंगला आणि मंदिर वाचले. लेखक तिला प्रदक्षिणा घालतो, हात लावतो, विज्ञानही जिथे थांबते अशा अर्थाचे एखादे वाक्य लिहितो आणि पुढच्या परिच्छेदात बद्रीनाथला निघतो. श्रद्धेशी माझे भांडण नाही. ज्याला त्या शिळेत ईश्वर दिसतो त्याला तो दिसो. माझा आक्षेप वाक्यरचनेवर आहे. या वर्णनात कर्ता आहे मंदिर, क्रियापद आहे ‘वाचले’, आणि इथे वाक्य संपते. रामबाड्याला आडवा यायला शिळा नव्हती. तिथे जे झाले ते चमत्काराच्या व्याकरणात बसत नाही, म्हणून ते लिहिलेच जात नाही. चमत्काराची कथा सांगायची तर मेलेल्यांना पार्श्वभूमीत ढकलावेच लागते; कारण त्यांना पुढे आणले तर लगेच प्रश्न येतो की शिळेने त्यांना का नाही वाचवले. तो प्रश्न टाळण्यासाठी लेखकाला काहीही करावे लागत नाही, नुसते पुढच्या मुक्कामाला जावे लागते. सहलीचा कार्यक्रमही त्याला तेच करायला सांगतो.

या कथेने पर्यटनाला जे दिले ते कुठल्याही जाहिरातीने दिले नसते. 11 सप्टेंबर 2013ला, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, मंदिरात पूजा सुरू झाली. कर्नल अजय कोठियाल यांच्या नेतृत्वाखाली उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या माणसांनी हाडे गोठवणाऱ्या हिवाळ्यात तिथे बांधकाम केले. हे काम विलक्षण होते आणि त्यावर मराठीत एक चांगला दीर्घ लेख व्हायला हवा होता. मे 2019मध्ये पंतप्रधान तिथल्या एका गुहेत रात्रभर ध्यानाला बसले आणि ती गुहा देशाला माहीत झाली. तिचे आरक्षण होते, आणि गिऱ्हाईकही मिळते. 2021मध्ये आदि शंकराचार्यांचा पुतळा बसला. आपत्तीने जागेची ख्याती कमी केली नाही, वाढवली. ‘जे वाचले ते पाहायला’ जाणे हे पर्यटनाचे एक नवे कारण झाले.

चित्रपटाकडे वळलो तर चित्र वेगळे नाही. डिसेंबर 2018मध्ये अभिषेक कपूर दिग्दर्शित ‘केदारनाथ’ आला. पिठ्ठूचे काम करणारा मुसलमान तरुण आणि पुरोहिताची मुलगी यांची प्रेमकथा, आणि शेवटी पूर. त्या पडद्यावर निदान एक पिठ्ठू नायक झाला, त्याची पाठ, त्याचे खेचर, त्याचा घाम दिसला, हे श्रेय मी त्या चित्रपटाला देतो. आपल्या यात्रावर्णनांनी एवढेही केलेले नाही. पण पूर तिथे प्रेमकथेचा निकाल लावायला येतो. पटकथाकाराला जी गाठ सोडवता आली नाही ती नदीने सोडवली. उत्तराखंडच्या अनेक जिल्ह्यांत चित्रपटाचे प्रदर्शन रोखले गेले, ते प्रेमकथेच्या धर्मावरून. हजारो माणसांचा मृत्यू शेवटच्या वीस मिनिटांच्या देखाव्यासाठी वापरला, यावर कुणी रस्त्यावर उतरले नाही. आपल्याला कशाचा राग येतो, याचा हा एक हिशेब आहे.

शब्दांबद्दल आणखी थोडे. ‘निसर्गाचा कोप’ हा जुना मित्र आहे; अलीकडे त्याच्या जोडीला ‘ढगफुटी’ आली. हवामान खात्याच्या हिशेबात साधारण वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला तर ती ढगफुटी. आपल्याकडे डोंगरात काहीही वाहून आले की ढगफुटी. केदारनाथला जे झाले त्याचे कारण एका ढगात कोंबता येत नाही. त्या वर्षी मोसमी पाऊस विलक्षण लवकर धावला. एरवी जुलैच्या मध्यावर देश व्यापणारे वारे 16 जूनलाच देशभर पोहोचले होते. वर अजून हिवाळ्यातला बर्फ होता. त्यावर सलग पाऊस पडला, बर्फ वितळला, आणि मंदिराच्या वरच्या अंगाला हिमनदीच्या गाळ-दगडांच्या बांधामागे साचलेले चोराबारी सरोवर 17 जूनच्या सकाळी फुटले. हेच ते ‘गांधी सरोवर’. 1948 साली महात्माजींच्या अस्थींचा काही भाग इथे विसर्जित झाला होता. खाली गाव वसले होते ते मंदाकिनी आणि सरस्वती यांच्या मधल्या, हिमनदीनेच आणून टाकलेल्या गाळावर. म्हणजे पाणी आणि दगड ज्या वाटेने पूर्वी आले होते त्याच वाटेवर हॉटेले आणि धर्मशाळा उभ्या होत्या.

आणि माणसे इतकी का होती? याचे उत्तर आपल्या दिनदर्शिकेत आहे. केदारनाथचे कपाट अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडते आणि भाऊबिजेला बंद होते. या सहा महिन्यांतले सगळ्यात गर्दीचे आठवडे म्हणजे मे आणि जूनचा पूर्वार्ध. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. मराठी कुटुंबांच्या सहली त्याआधीच्या. नेहमीच्या वर्षी पाऊस येईपर्यंत बहुतेक जण उतरलेले असतात. 2013ला पावसाने ही समजूत पाळली नाही. पावसाने यात्रेचे वेळापत्रक मोडले असे आपण म्हणतो. खरे तर यात्रेचे वेळापत्रक पावसाच्या भरवशावर आखलेले होते, आणि तो भरवसा आता राहिलेला नाही. सहल संस्थांच्या छापील पुस्तिकांत हे आठवडे अजूनही तसेच आहेत.

कोपाची भाषा सोयीची असते कारण कोप आधी कळत नाही. पण याच गढवालात आधी कळून घेतल्याचे आणि त्याप्रमाणे वागल्याचे एक जुने उदाहरण आहे. 1893च्या सप्टेंबरमध्ये बिरही गंगेच्या खोऱ्यात गोहनाजवळ डोंगर कोसळून नदी अडली आणि मोठा तलाव साचू लागला. इंग्रज अभियंत्यांनी पाणी कसे वाढेल आणि केव्हा वरून वाहील याचा हिशेब मांडला. तो पुढच्या वर्षीचा ऑगस्ट निघाला. तलावापासून खालच्या वस्त्यांपर्यंत तारयंत्राची ओळ टाकली. पूर कुठवर चढेल ते दाखवणारे खांब काठाने बांधले. अलकनंदेवरचे झुलते पूल आधीच उतरवून ठेवले. माणसे हलवली. 1894च्या ऑगस्टच्या अखेरीस बांध फुटला, श्रीनगर-गढवाल शहर वाहून गेले, आणि मेली ती फक्त पाच माणसे: इशारा न मानणारा एक फकीर आणि त्याचे कुटुंब. वसाहतीच्या राजवटीचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. तिने याच डोंगरांतले जंगल ओरबाडले. पण तारयंत्राच्या जमान्यात जे जमले ते उपग्रहांच्या जमान्यात का जमत नाही, हा प्रश्न विचारायचाच नाही, यासाठी ‘कोप’ हा शब्द फार उपयोगी पडतो.

आपल्या जमान्याची गोष्ट उलटी आहे. 1976 साली मिश्रा समितीने सांगितले होते की जोशीमठ जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसले आहे, तिथे जड बांधकाम नको. 2023च्या जानेवारीत घरांना तडे गेले, हॉटेले एकमेकांवर झुकली, औलीचा रज्जुमार्ग बंद झाला. इस्रोने उपग्रहाच्या आधारे बारा दिवसांत जमीन 5.4 सेंटिमीटर खचल्याचे दाखवले आणि तो अहवाल संकेतस्थळावरून काढून घेतला गेला. शास्त्रीय संस्थांना माध्यमांशी बोलू नका अशी सूचना गेली. कारण दिले गेले की गोंधळ पसरतो. तो कुणात पसरतो? जोशीमठच्या रहिवाशाला तडे दिसतच होते. त्या अहवालाचा उपयोग होता तो उन्हाळ्याच्या सहलीचे पैसे भरू पाहणाऱ्याला.

रस्त्याचीही अशीच कथा आहे, पण तिच्यात मला रस आहे तो नावापुरता. आपल्या आजोबांच्या पिढीत ‘चारधाम’ म्हटले की बद्रीनाथ, द्वारका, जगन्नाथपुरी, रामेश्वर. गढवालातल्या चार ठिकाणांना ‘छोटा चारधाम’ म्हणत. सहलींच्या भाषेतून ‘छोटा’ गळाला, आणि 2016च्या डिसेंबरात 889 किलोमीटरच्या रस्तारुंदीकरणाला ‘चारधाम’ हेच नाव मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष रवी चोप्रा रस्त्याची रुंदी साडेपाच मीटर ठेवा म्हणत होते. 2020मध्ये न्यायालयाने ते मानले, डिसेंबर 2021मध्ये संरक्षणाच्या कारणास्तव रुंद रस्त्याला परवानगी दिली, आणि चोप्रांनी पुढच्याच वर्षी राजीनामा दिला. लष्कराची गरज खरी असेल. पण प्रकल्प जाहीर झाला तो यात्रेच्या नावाने आणि न्यायालयात टिकला तो सीमेच्या नावाने. मंदाकिनीकाठच्या चहावाल्याचे नाव त्यात कुठेच नव्हते.

गर्दीला मर्यादा घालण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. 2022मध्ये केदारनाथसाठी रोज 12 हजारांची मर्यादा जाहीर झाली. 2023च्या हंगामाच्या तोंडावर अशी मर्यादा स्थानिक हॉटेलवाले आणि पुरोहित यांच्या विरोधानंतर मागे घेतली गेली. इथे पर्यावरणवादी मित्र स्थानिकांना लोभी म्हणतात. ज्यांनी 2014 पाहिले आहे त्यांना रिकाम्या वाटेची भीती पुरापेक्षा जास्त वाटली तर मला नवल वाटत नाही. पूर एकदा येतो. रिकामा हंगाम रोज सकाळी येतो.

ही भीती किती दूर पसरते याचे उत्तम उदाहरण नेपाळ. 25 एप्रिल 2015च्या भूकंपाने हिमकडा कोसळून लांगटांग गाव गाडले गेले. तिथल्या गावकऱ्यांबरोबर परदेशी ट्रेकरही गेले. पण अन्नपूर्णेच्या बाजूच्या बहुतेक वाटा शाबूत होत्या. तरी 2014ला 7.9 लाखांवर असलेले परदेशी पर्यटक 2015ला 5.4 लाखांच्या खाली आले. 2017ला ते 9.4 लाखांवर गेले. बाहेरच्या माणसाच्या मनात ‘नेपाळ’ हे एकच ठिकाण असते. 2013नंतर कौसानी, नैनिताल, अल्मोड्याची हॉटेलेही अशीच ओस पडली होती, केदारपासून कितीतरी दूर, कोरडी ठणठणीत. पर्यटकाचा नकाशा जाहिरातीतल्या नावांचा असतो, खोऱ्यांचा नसतो. प्रवासलेखकाचे एक साधे काम हा नकाशा सुधारणे आहे. कोणती नदी कुठून येते, कोणते गाव कोणत्या उतारावर आहे, एवढे जरी त्याने नीट लिहिले तरी वाचकाची भीती जिथे असायला हवी तिथे जाईल आणि जिथे नको तिथून उठेल.

5 ऑगस्ट 2025ला गंगोत्रीच्या वाटेवरचे धराली खीरगाडच्या लोंढ्याखाली गेले, ती चित्रफीत आपण सगळ्यांनी पाहिली. महाराष्ट्रातले पर्यटकही त्या भागात अडकले होते. सफरचंदाच्या बागा, घरगुती निवास, तीन-चार मजली हॉटेले, सगळे खीरगाडनेच पूर्वी आणून टाकलेल्या पंख्यासारख्या राडारोड्यावर. तिथले प्राचीन कल्पकेदार मंदिर पुन्हा गाडले गेले. ‘पुन्हा’ हा शब्द मी जाणून वापरतो: ते मंदिर मुळात मातीतूनच उकरून काढलेले होते, आणि भाविक त्याच्या गाभाऱ्यात जमिनीच्या पातळीखाली उतरून जात. नदी इथवर येते याचा पुरावा गावाच्या मधोमध उभा होता आणि लोक त्याला नमस्कार करीत होते. सहलीची बस तिथे दर्शनासाठी थांबत असे.

हे सगळे हिमालयाचे, आपले काय, असे म्हणायची सोय सह्याद्रीने ठेवलेली नाही. 30 जुलै 2014ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गेले, दीडशेहून अधिक माणसांसह. भीमाशंकरला जाणाऱ्या शनिवार-रविवारच्या गाड्या त्याच परिसरातून धावत होत्या. ‘गाव दिसत नाही’ ही बातमी बाहेर आणली ती एका एसटी चालकाने. 19 जुलै 2023च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसे बेपत्ता राहिली आणि शोध थांबवला गेला. इर्शाळवाडी मुंबई-पुण्याच्या ट्रेकरांना पाठ होती. इर्शाळगडाच्या वर्णनांत ती असते: वाडीपर्यंत तासाभराची चढण, पाणी मिळते, जेवण सांगून ठेवता येते, पुढे नेढ्याकडे. ट्रेकिंगवरच्या मराठी लेखनाचा मी चाहता आहे. सह्याद्रीची अशी बारीक, पायांनी केलेली नोंद दुसऱ्या कुणी केली नाही. पण त्यात ‘पायथ्याचे गाव’ हे एक वाटेवरचे चिन्ह असते, जसे टाके, जसा बुरुज. त्या ठाकरवाडीवरचा उतार किती उभा आहे, पावसात रात्री लोक कुठे झोपतात, हे लिहिण्याइतके जवळून पाहिलेले डोळे आपल्याकडे होते. ते डोळे कातळातल्या पायऱ्या मोजत होते. त्या रात्री चिखलातून वर चढले त्यांत खोपोलीकडचे गिर्यारोहक होते, कारण वाट त्यांनाच ठाऊक होती. त्याच ठाऊकपणातून त्यांच्यापैकी कुणी आता वाडीबद्दल लिहावे असे मला वाटते. शोकलेख पुष्कळ झाले, मला हवा आहे तो त्या वाडीचा साधा तपशील.

मार्च 2025मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सोनप्रयाग ते केदारनाथ या 12.9 किलोमीटरच्या रज्जुमार्गाला मंजुरी दिली. खर्च 4,081 कोटी रुपये. आठ-नऊ तासांची वाट 36 मिनिटांत, आणि दिवसाला 18 हजार प्रवासी नेण्याची क्षमता. सहा महिन्यांच्या हंगामाने साधा गुणाकार केला तर बत्तीस लाख. पायी आणि हेलिकॉप्टरने जाणारे वेगळे. म्हाताऱ्या, गुडघे गेलेल्या माणसांना दर्शन घडेल, हे खरेच चांगले आहे, आणि खेचरांचे हालही कमी होतील. लिंचोलीच्या टपऱ्यांचे काय होईल, हे मंजुरीच्या बातम्यांत मला सापडले नाही. यंदाच्या भाऊबिजेला कपाट मिटेल, डोली उखीमठला उतरेल, आणि तिच्या मागोमाग खेचरवाले, नेपाळी डोलीवाले, पराठेवाले आपापल्या गावांकडे निघतील. रज्जुमार्ग सुरू झाल्यावर जे मराठी यात्रावर्णन लिहिले जाईल त्यात 36 मिनिटांचा प्रवास दोन ओळींत संपेल. डाव्या-उजव्या खिडकीतून दऱ्या दिसतील, मग उतरल्यावर शिळा, मग मंदिर. खाली रामबाडा कुठे होता, हे दाखवायला त्या डब्यात कुणी नसेल.